तपकिरी दातांचे कोडे

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज नावाचे शहर आहे. शहराच्या पश्चिमेस पाइक्स पीक हे उत्तुंग शिखर उभे असून त्यावरील बर्फ वितळून वाहणारे ओढे शहराला पाणी पुरवितात. पाणी थंडगार आणि स्फटिकासारखे स्वच्छ. १९०१ साली या शहरात फ्रेडरिक मॅके नावाचे एक तरुण दंतवैद्य येऊन दाखल झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी घेऊन त्यांना जेमतेम एक वर्ष झाले होते. नव्या गावात व्यवसाय थाटावा आणि सुखाने राहावे, एवढाच त्यांचा बेत होता. परंतु पहिल्या काही दिवसांतच त्यांच्यासमोर असे एक कोडे उभे राहिले, की त्याच्या उत्तरासाठी त्यांना पुढील तीस वर्षे खर्च करावी लागली.

उपचारासाठी येणाऱ्या कित्येक माणसांच्या दातांवर त्यांना तपकिरी रंगाचे विचित्र डाग दिसत. काहींचे दात खडूसारखे पांढुरके व निस्तेज असत, तर काहींचे समोरचे सगळे दात गडद तपकिरी झालेले असत. डाग वरवरचे नव्हते. घासून, खरवडून ते जात नसत. जणू दात घडतानाच तो रंग आतून मुरला होता. ज्यांच्या तोंडात असे दात होते, त्यांना परक्या माणसासमोर हसणेदेखील अवघड वाटत असेल, यात नवल नाही. आश्चर्य याचे, की दंतवैद्यकाच्या कोणत्याही ग्रंथात या रोगाचा उल्लेख मॅके यांना सापडला नाही. गावकऱ्यांनी मात्र आपल्यापुरती कारणे शोधून ठेवली होती. कोणी म्हणे, डुकराचे मांस फार खाल्ल्याने असे होते. कोणी निकृष्ट दुधाला दोष देई. कोणाच्या मते पाण्यातला चुना याला कारणीभूत होता. या तर्कांपैकी एकाचा रोख योग्य दिशेने होता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मॅके यांनी आपल्या समव्यवसायी मंडळींचे लक्ष या डागांकडे वेधण्याचा प्रयत्न केला. बहुतेकांनी उपेक्षा केली. जे रोजच डोळ्यांसमोर असते, त्याचे माणसाला काही वाटेनासे होते. गावच्या दंतवैद्यांचीही तीच गत झाली होती. शेवटी त्यांनी शिकागो येथील डॉ. ग्रीन ब्लॅक यांना गाठले. ब्लॅक हे त्या काळचे दंतवैद्यकातील सर्वांत मोठे पंडित मानले जात. असा एखादा विकार अस्तित्वात आहे आणि तो आजवर कोणी नोंदविलाच नाही, यावर प्रथम त्यांचा विश्वास बसेना. परंतु १९०९ साली ते स्वतः कोलोरॅडो स्प्रिंग्जला आले, आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांच्या तोंडाकडे पाहताच त्यांची खात्री पटली. शहरात जन्मलेल्या मुलांची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा शेकडा सुमारे नव्वद मुलांच्या दातांवर हे डाग आढळून आले!

ब्लॅक आणि मॅके यांनी पुढे सहा वर्षे मिळून काम केले. या काळात त्यांच्या ध्यानी दोन गोष्टी आल्या. पहिली अशी, की हे डाग मोठ्या माणसांना नव्याने पडत नाहीत. एखादा गृहस्थ तिशीत परगावाहून येऊन येथे स्थायिक झाला, तर त्याचे दात जन्मभर पांढरेच राहात; पण त्याच घरात पुढे जन्मलेल्या मुलाचे कायमचे दात मात्र डागाळलेले उगवत. याचा अर्थ उघड होता. हिरडीच्या आत दात घडत असताना, म्हणजे मूल लहान असतानाच, काहीतरी बिघडत होते. आपले कायमचे दात तोंडात दिसू लागतात ते सहाव्या-सातव्या वर्षापासून. परंतु त्यांचे कवच त्यापूर्वी कित्येक वर्षे हिरडीखाली थराथराने तयार होत असते. आठव्या वर्षाच्या सुमारास अक्कलदाढा सोडून बाकीच्या दातांचे हे काम जवळजवळ संपते. या कवचास इनॅमल असे म्हणतात. ते मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते; पण इनॅमलचा तुकडा एकदा उडाला, की शरीर तो पुन्हा घडवू शकत नाही.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक होती. हे डागाळलेले, विद्रूप दिसणारे दात इतर दातांच्या मानाने फारच कमी किडत. कवच नीट घडलेले नाही, तर ते कीड लागण्यास सोपे जावयास हवे; येथे तर नेमके उलट दिसत होते. असे का व्हावे, याचा उलगडा दोघांनाही झाला नाही. मॅके यांना पाण्याचा संशय येत होता, परंतु पुरावा हाती नव्हता. १९१५ साली ब्लॅक मृत्यू पावले आणि मॅके यांचा सर्वांत मोठा आधार नाहीसा झाला.

यानंतर १९२३ साली मॅके यांनी रॉकी पर्वतापलीकडील आयडाहो राज्यातील ओकली या छोट्या गावाचा प्रवास केला. तेथील आईबापांनी आपल्या मुलांच्या दातांवर असेच डाग पडल्याचे पाहिले होते. त्यांनी मॅके यांना एक महत्त्वाची हकीकत सांगितली. पाच मैलांवरच्या एका उष्ण पाण्याच्या झऱ्यापासून गावापर्यंत नळ टाकून पाणी आणले गेले होते. आणि हे डाग दिसू लागले ते त्यानंतर! मॅके यांनी त्या पाण्याची परीक्षा करविली. त्या काळच्या साधनांनी त्यात वावगे असे काहीही आढळले नाही.

आता प्रश्न मोठा बिकट होता. गावाने पैसा खर्चून नळ टाकलेला. तो टाकून द्या असे सांगावे, तर दाखवावयास पुरावा नाही. न सांगावे, तर दरवर्षी नवी मुले तेच पाणी पिणार. मॅके यांनी सांगण्याचे धाडस केले. हा नळ सोडून द्यावा आणि जवळच्या दुसऱ्या झऱ्याचे पाणी वापरावे, असा सल्ला त्यांनी गावच्या प्रमुखांना दिला. गावाने तो मानला, हे त्या गावाचे थोरपण म्हटले पाहिजे. ज्या मुलांचे दात आधीच डागाळले होते, त्यांना याचा काही उपयोग होणार नव्हता. परंतु काही वर्षांनी त्यांच्या धाकट्या भावंडांचे कायमचे दात उगवू लागले, ते स्वच्छ, निर्मळ. पाण्यातच काहीतरी आहे, याविषयी मॅके यांच्या मनात आता शंका उरली नाही. ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, हे मात्र अद्याप कोणालाच सांगता येत नव्हते.

याचे उत्तर मिळाले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. आर्कान्सा राज्यात बॉक्साइट नावाचे एक गाव होते. ॲल्युमिनियमचे खनिज खणून काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या कामगारांसाठी ते वसविले होते. तेथील मुलांचे दात डागाळलेले होते. पाच मैलांवरच्या गावातील मुलांचे नव्हते. मॅके आणि सरकारच्या आरोग्य खात्यातील डॉक्टर ग्रोव्हर केम्फ या दोघांनी तेथे जाऊन पाहणी केली, पण पाण्याच्या परीक्षेतून पुन्हा काही निष्पन्न झाले नाही. त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला. तो फिरत फिरत पेनसिल्व्हेनियात त्याच कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या टेबलावर येऊन पडला.

चर्चिल यांना या अहवालाची काळजी वाटण्यास निराळेच कारण होते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजविलेले अन्न विषारी असते, अशी आवई त्या काळी अमेरिकेत उठली होती. तीत कंपनीच्या गावातील मुलांच्या दातांची बातमी मिसळली, तर धंद्याचे काय होणार? त्यांनी बॉक्साइटचे पाणी मागवून घेतले आणि नेहमीची परीक्षा न करता प्रकाशलेखनाच्या यंत्राने त्याची कसून तपासणी करविली. या रीतीत पदार्थ अत्यंत तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण करतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशाच्या रेषा ठरलेल्या असल्यामुळे, नेहमीच्या परीक्षेत निसटून जाणारे द्रव्यही येथे आपले अस्तित्व लपवू शकत नाही. निष्कर्ष पाहून चर्चिल चकित झाले. पाण्यात फ्लोराइड होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे! हे शक्यच नाही, नमुना काही कारणाने दूषित झाला असावा, असे त्यांना वाटले. म्हणून त्यांनी नवा नमुना आणवून पुन्हा तपासणी करविली. उत्तर तेच आले. १९३१च्या जानेवारीत त्यांनी मॅके यांना पत्र लिहून हे कळविले आणि डाग आढळलेल्या इतर गावांचे पाणी पाठविण्याची विनंती केली. नमुने आले; सर्वांत फ्लोराइड भरपूर सापडले. तीस वर्षांचे कोडे सुटले.

फ्लोराइड म्हणजे फ्लोरिन या मूलद्रव्याचा क्षार. कित्येक खडकांत तो असतो. पाइक्स पीकच्या ग्रॅनाइट खडकांतही फ्लोरिनयुक्त खनिजे आहेत. त्या खडकांतून झिरपत येताना पाणी हा क्षार विरघळवून आपल्याबरोबर आणते. त्याला रंग नाही, वास नाही, आणि एवढ्या अल्प प्रमाणात चवही नाही. हे प्रमाण किती अल्प, याची कल्पना मात्र करून घेतली पाहिजे. घराच्या गच्चीवर हजार लिटर पाण्याची टाकी असते. तीत एक ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या तराजूतील सुमारे एक मासा, फ्लोराइड असेल, तर त्या पाण्यात ‘दहा लाख भागांत एक भाग’ फ्लोराइड आहे असे म्हणतात. लिटरमागे हे एक मिलिग्रॅम होते. बॉक्साइटच्या पाण्यात चर्चिल यांना दहा लाखांत १३.७ भाग आढळले होते.

येथून पुढचे काम दुसऱ्या एका व्यक्तीने हाती घेतले. १९३१ सालीच अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने डॉ. एच. ट्रेंडली डीन या दंतवैद्यांची या प्रश्नाच्या अभ्यासासाठी नेमणूक केली. दातांवर डाग पडू नयेत यासाठी पाण्यात फ्लोराइड जास्तीत जास्त किती चालेल, हे त्यांना शोधावयाचे होते. पाण्यातील फ्लोराइड अचूक मोजण्याची रीत त्यांचे सहकारी एलव्होव्ह यांनी बसविली, आणि डीन गावोगाव हिंडून मुलांचे दात पाहू लागले. दहा लाखांत एक भागापर्यंत फ्लोराइड असलेल्या गावांत बहुतेक मुलांच्या दातांवर डोळ्यांत भरण्याजोगे डाग पडत नाहीत, असे त्यांना आढळले. त्यांना सांगितलेले काम येथे पुरे झाले होते.

परंतु डीन यांना ब्लॅक आणि मॅके यांची ती जुनी नोंद आठवत होती: डागाळलेले दात कमी किडतात. मग डाग पडणार नाहीत एवढे अल्प फ्लोराइड पाण्यात असेल, तर त्याने दातांचे रक्षण होईल काय? हा प्रश्न मनात धरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार राज्यांतील २१ शहरांत १२ ते १४ वर्षे वयाची ७,२५७ मुले तपासली. ती मुले या धड्याच्या वाचकांच्याच वयाची होती. ज्या शहरांच्या पाण्यात निसर्गतःच दहा लाखांत एक भागाच्या आसपास फ्लोराइड होते, तेथील मुलांचे किडलेले दात, फ्लोराइड नसलेल्या शहरांतील मुलांच्या मानाने फारच कमी भरले. जे द्रव्य दातांचे शत्रू म्हणून पकडले गेले होते, तेच योग्य मात्रेत त्यांचे राखणदार ठरत होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी दात किडतो कसा हे पाहिले पाहिजे. दातांत खरोखरीचा किडा नसतो. आपल्या तोंडात असंख्य सूक्ष्म जंतू नांदत असतात. आपण साखर, गूळ, पेढे, बिस्किटे खाल्ली, की त्यांचे दातांना चिकटलेले कण या जंतूंचे अन्न होते, आणि त्यापासून ते आम्ल तयार करतात. हे आम्ल इनॅमलमधील चुन्याचे क्षार विरघळविते. लाळेमुळे आम्ल हळूहळू निवते आणि लाळेतील क्षार इनॅमलमध्ये पुन्हा बसू लागतात. अशी झीज आणि भर तोंडात दिवसभर चाललेली असते. दर तासाला गोड खाणाऱ्याच्या तोंडात भर पडण्यास सवडच मिळत नाही, आणि एके दिवशी कवचाला छिद्र पडते. लाळेत किंचितही फ्लोराइड असले, तर क्षार लवकर बसतात, आणि जे बसतात ते आम्लाला पहिल्यापेक्षा अधिक दाद न देणारे असतात. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे, की पोटात गेलेले फ्लोराइड घडत्या दातात मिसळते म्हणून दात बळकट होतात; आता मात्र दातांना बाहेरून होणारा त्याचा स्पर्शच अधिक महत्त्वाचा मानतात.

फ्लोराइड नसलेल्या पाण्यात ते मुद्दाम घातले तर काय होईल? नैसर्गिक पाण्याच्या गावांचा अनुभव चांगला असला, तरी एका संबंध शहराच्या पिण्याच्या पाण्यात एखादा पदार्थ मिसळणे ही लहान गोष्ट नव्हे. आरोग्याधिकारी आणि संशोधक यांच्याशी विचारविनिमय करून मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराच्या कारभारी मंडळाने १९४४ साली या प्रयोगास मान्यता दिली, आणि २५ जानेवारी १९४५ रोजी शहराच्या पाण्यात दहा लाखांत एक भाग इतके फ्लोराइड मिसळण्यास प्रारंभ झाला. असे करणारे हे जगातील पहिले शहर होय. तुलनेसाठी त्याच राज्यातील मस्कीगन शहर निवडले होते. तेथील पाणी जसेच्या तसे ठेवावयाचे आणि पंधरा वर्षे दोन्ही शहरांतील मुलांचे दात पाहात राहावयाचे, असे ठरले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील न्यूबर्ग आणि कॅनडातील ब्रँटफर्ड येथेही असेच प्रयोग सुरू झाले.

ग्रँड रॅपिड्समध्ये सुमारे तीस हजार शाळकरी मुलांच्या दातांची नोंद ठेवण्यात आली. पहिल्या काही वर्षांतच फरक दिसू लागला. तो पाहून मस्कीगनच्या नागरिकांना स्वस्थ बसवेना. आमच्या मुलांनी केवळ तुलनेसाठी दात किडवून घ्यावेत काय, असा प्रश्न तेथे उभा राहिला, आणि १९५१ साली त्या शहरानेही आपल्या पाण्यात फ्लोराइड घालण्यास सुरुवात केली. शास्त्राच्या दृष्टीने तुलनेचा एक धागा तुटला खरा. पण त्यासाठी मस्कीगनच्या आईबापांना कोण दोष देईल? अकरा वर्षांनंतर डीन यांनी जाहीर केले, की पाण्यात फ्लोराइड मिसळू लागल्यानंतर जन्मलेल्या ग्रँड रॅपिड्सच्या मुलांत दात किडण्याचे प्रमाण शेकडा ६० हून अधिक घटले आहे. मॅके तेव्हा वृद्ध झाले होते, पण ही वार्ता ऐकण्यास हयात होते. १९५९ साली त्यांचे निधन झाले.

यानंतर अनेक शहरांनी हा मार्ग स्वीकारला. तथापि सर्वांना तो पटला असे नाही. जे पाणी प्रत्येकाला प्यावेच लागते, त्यात लोकांना न विचारता औषधासारखा पदार्थ घालण्याचा अधिकार कोणाला आहे, असा आक्षेप आरंभापासून घेतला गेला. शिवाय काळही पालटला. १९५५च्या सुमारास फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट अमेरिकेच्या बाजारात आली आणि पुढे जगभर पसरली. रोज ब्रश करतानाच दातांना फ्लोराइड मिळू लागल्याने पाण्यातील फ्लोराइडचा आजचा फायदा पहिल्या प्रयोगांत दिसला त्याहून बराच लहान भरतो, असे अलीकडच्या तपासण्या सांगतात. अमेरिकेत १९६२ साली हवामान पाहून लिटरमागे ०.७ ते १.२ मिलिग्रॅम हे प्रमाण ठरविले होते; ते २०१५ साली सरसकट ०.७ वर आणले गेले. २०२४ साली तेथील एका सरकारी अहवालाने आणखी एक इशारा दिला. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेल्या ठिकाणच्या मुलांच्या बुद्धीच्या चाचणीतील गुण काहीसे कमी आढळतात, असे त्यात म्हटले होते. शहरांसाठी ठरविलेल्या ०.७ या प्रमाणाविषयी मात्र निर्णय देण्याइतका पुरावा त्या अहवालास मिळाला नाही.

त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे निर्णय झालेले दिसतात. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराने २००३ साली पाण्यात फ्लोराइड घालणे थांबविले. त्या देशात ते मिठातून दिले जाते. अमेरिकेतील युटा राज्याने २०२५ साली त्यास बंदी केली. कॅनडातील कॅलगरी शहराची कथा याहून वेगळी आहे. त्याने २०११ साली फ्लोराइड बंद केले. पुढे तेथील मुलांचे दात शेजारच्या एडमंटन शहरातील मुलांपेक्षा अधिक किडू लागल्याचे आढळले. तेव्हा नागरिकांनी २०२१ साली मतदान करून ते परत मागितले आणि २०२५ साली ते पुन्हा सुरू झाले. ज्या घरांत ब्रश, पेस्ट आणि दंतवैद्य या गोष्टी सहज मिळत नाहीत, तेथील मुलांना नळाच्या पाण्याचा आधार अधिक वाटतो, ही गोष्ट या वादात पुष्कळदा विसरली जाते.

भारतात हा प्रश्न जवळजवळ उलटा आहे. येथील अनेक भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड कमी नव्हे, तर अति आहे. १९३७ साली शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात एक दारुण दृश्य नोंदविले. वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्याने तेथील माणसांची हाडे व सांधे ताठर होऊन पाठीचा कणा वाकेनासा झाला होता. दातांवरील डाग ही या विकाराची केवळ पहिली पायरी असते. तेलंगणातील नलगोंडा जिल्हा यासाठी फार काळ ओळखला गेला. महाराष्ट्रातही यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींत व बोअरमध्ये फ्लोराइडचे प्रमाण अधिक सापडते. विहीर जितकी खोल, तितके पाणी खडकात दीर्घकाळ मुरलेले असण्याचा संभव अधिक. त्यात आपला देश उष्ण. उन्हात राबणारा शेतकरी थंड प्रदेशातील माणसापेक्षा पुष्कळ अधिक पाणी पितो, आणि म्हणून पाण्यातील प्रमाण तेच असले तरी त्याच्या पोटात फ्लोराइड अधिक जाते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे आणि दुसरे पाणी मिळतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते.

शक्य असेल तेथे ओकली गावाने केले तेच करावे लागते, म्हणजे पाण्याचा उगमच बदलावा लागतो. नलगोंडा जिल्ह्यातील गावांना कृष्णा नदीचे पाणी नळाने पोचविण्याची योजना अलीकडे राबविण्यात आली, ती याच हेतूने. परंतु नदी जेथे दूर आहे, तेथे काय करावे? यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी एक सोपी रीत शोधून काढली. तिला ‘नलगोंडा पद्धती’ असेच नाव पडले आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या वस्तू खेड्यातही मिळतात: तुरटी, चुना आणि थोडी ब्लीचिंग पावडर.

सुमारे चाळीस लिटर पाणी मावेल अशी एक मोठी बादली घेतात आणि तिला तळापासून तीन-चार बोटे वर तोटी बसवितात. पाण्यातील फ्लोराइड आधी मोजून घेऊन त्या मानाने तुरटी आणि चुना घालावा लागतो; अंदाजाने मूठभर टाकून चालत नाही. मग लाकडी दांड्याने दहा मिनिटे पाणी सावकाश ढवळावयाचे. पाण्यात कापसाच्या पिंजलेल्या पेळूसारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. तुरटीपासून तयार झालेल्या या पुंजक्यांना फ्लोराइड चिकटते. ढवळणे थांबवून बादली तासभर हलविली नाही, की ते जड होऊन तळाशी बसतात. घरची बाई तोटी उघडून वरचे निवळ पाणी पिण्याच्या माठात भरून घेते. तळाचा गाळ मात्र विहिरीपासून व ओढ्यापासून दूर नेऊन टाकावा लागतो. कारण पाण्यातून काढलेले फ्लोराइड नाहीसे झालेले नसते, ते आता त्या गाळात असते.